जतच्या माळावर, काचेखालचं गवत

मे महिन्यात जतला जाऊ नका. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नको. मी गेले, कारण माझ्या धाकट्या बहिणीचा, सुंदराचा फोन आला. "आक्का, मेंढरं इकून टाकतीया. बुधवारी येपारी येनार हाय. मग तुज्याकडंच येऊन ऱ्हाते."

माझ्या साताऱ्यात दोन खोल्या. त्यात सुंदरा म्हणजे घरात वावटळ. आणि जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई माझ्या गॅलरीत बसून करणार काय? समोरच्या बिल्डिंगीचे पाईप मोजणार? सोमवारी पहाटेची एसटी धरली.

सातारा-सांगलीला बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डावीकडची घेऊ नका, सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. मी घेतली, म्हणून सांगते. कराडच्या अलीकडं रस्ता रुंद करताना वडाची झाडं काढली. आता मधल्या दुभाजकात गुडघ्याएवढी कण्हेर लावलीय आणि तिला टँकरनं पाणी घालतात. शेजारी 'झाडे लावा' अशी पाटी. त्या कण्हेरीच्या सावलीला बसायचं तर मुंगीच व्हायला पाहिजे. इस्लामपूरला गाडी थांबते तिथं चहा बरा, वडा कालचा. सांगलीत उतरून भडंग घ्या, पुढं जतपर्यंत खायला दुसरं काही धड मिळत नाही.

मिरज सोडली, कवठेमहांकाळ मागं पडलं, ऊस संपला, आणि लांब डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या. माझ्या शेजारच्या बाईला मी विचारलं, "ही वीज तुमाला मिळती का गं?"

"मिळती की," ती म्हणाली, "रातीची. मोटर चालवायला. दिवसा आमी नुसतं पंखं बगायचं."

जत स्टँडवरून वडापची जीप. ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की माणसांना हलता येत नाही. सुंदराचं गाव कर्नाटकाच्या तोंडाला. वेशीवरच्या म्हातारीनं "ऊट आत?" म्हणून कानडीत जेवणाची चौकशी केली. मी "आत" म्हटलं, झालं म्हणून. खरं तर सकाळपासून भडंगावरच होते.

आता काचांचं सांगते. गावाचं गायरान होतं, आमचा बाप, आजा, पणजा सगळे तिथंच मेंढरं चारत आले. पावसाळ्यानंतर चार महिने कुसळीचं गवत गुडघ्यापर्यंत. तीन वर्षांमागं टोप्या घातलेले साहेब आले. पृथ्वी तापलीय म्हणाले, सूर्याची वीज करायची. करा की! पण कागदावर त्यांनी गायरानाला 'पडीक' लिहिलं. ज्यात धान्य पिकत नाही ते पडीक, असं यांचं शिक्षण. मी चौथीच्या पुढं गेले नाही ते बरंच झालं म्हणायचं. तिथं आता नजर पोचते तिथवर काळ्या काचा, भोवती तारेचं कुंपण, आणि गेटवर शिट्टी घेऊन उभा सुंदराचा थोरला, मायाप्पा. त्यालाच वॉचमन केलाय. काम काय, तर आईची मेंढरं आत येऊ द्यायची नाहीत.

मंगळवारी सकाळी मी सुंदराबरोबर मेंढरं घेऊन गेले. कुंपणाबाहेर सगळी खडी आणि वाळलेली काटेरी झुडपं. आत काचांखाली हिरवंगार गवत, पोटरीएवढं. एवढ्या उन्हात हे कुठून? तेवढ्यात टँकर आला. माणसं पाईप लावून काचा धुवायला लागली. धूळ बसली की वीज कमी होते म्हणे. गावचा टँकर पाच दिवस आला नव्हता. काचांचा चुकत नाही. काचेवरचं पाणी खाली गळतं, त्याच्यावर ते गवत.

"मायाप्पा," मी म्हटलं, "ह्या गवताचं काय करता रं?"

"कापतो, मावशे. वाढून सावली पडली काचंवर की साहेब वराडतो. मशीन आनलंय."

"आन् कापल्यावर?"

"पेटवतो."

सुंदराची मेंढरं तारेतून तोंड घालून जिभेनं गवत ओढत होती. एकीनं फारच मान घातली तसा मायाप्पानं शिट्टी फुंकली, आणि त्याची आई म्हणाली, "फुंक. दूध पाजलं तवा कुटं फुंकत हुतास?"

मायाप्पानं शिट्टी खिशात घातली.

तेवढ्यात आतून काच तडकल्याचा आवाज झाला. मशीनच्या पात्यानं दगड उडवला होता. जतच्या माळावर गवत कापायला फिरतं पातं आणणारा माणूस कुठल्या मातीत वाढला कुणास ठाऊक. एक तरुण साहेब पळत आला. चांगल्या घरचा दिसत होता. मला आजी म्हणाला, प्यायला बाटली दिली.

मी म्हटलं, "ही कितवी फुटली?"

त्यानं फोन काढून फुटक्या काचेचा फोटो घेतला.

"मेंढरं सोड की आत. गवत खातील, दगड उडवनार न्हाईत, वर लेंड्या फुकट."

"आजी, परवानगी नाही. शेळ्या काचांवर चढतात, वायरी खातात."

"शेळ्या चढत्यात. ह्या मेंढ्या हायत. मेंढी खाली मान घालून चरती. तुला फरक कळतो का?"

त्याला कळत नव्हता. गेटवरच्या 'प्रवेश बंद'च्या पाटीवरही शेळ्या-मेंढ्या एकाच ओळीत होत्या. वर विचारावं लागेल, म्हणाला. किती दिवस? महिना तरी. व्यापारी उद्याच यायचा होता.

बुधवारी तो टेम्पो घेऊन आला. मेंढरांच्या पाठी दाबून बघत, एक एक बाजूला काढायला लागला. आमच्यात पोरीला लग्नात दोन-चार मेंढ्या आंदण देतात. माझं लग्न फौजीशी झालं, पन्नास वर्षं झाली. कँटोन्मेंटात मेंढ्या कुठं नेणार? मला मिळालेल्या दोन्ही बापाच्या कळपातच राहिल्या. पुढं सुंदरा गावातच दिलेली, म्हणून कळप तिच्याकडं आला. मी त्या दोन मेंढ्या कधीच विसरले होते.

टेम्पोत चढवताना एका मेंढीच्या डाव्या कानाला खाच दिसली. मग दुसरीच्या. मी सुंदराकडं बघितलं.

"ही खाच कसली गं?"

"तुजी."

"माजी?"

"मग? आंदणाची पिल्लावळ. कोकरू झालं की आईचा कान बगून खाच पाडत आले. तुजं म्हनून." वर मलाच म्हणाली, "तू कवा इचारलंस का?"

मी टेम्पोची फळी धरली आणि व्यापाऱ्याला सांगितलं, खाचेची सगळी खाली उतरव. तो म्हणाला, "आवं आजी, ठरलंय समदं." मी म्हटलं, "माज्याशी ठरलंय का? मालकीन मी हाय." त्यानं चार पंचांची नावं घेतली. मी म्हटलं बोलव. पंच कशाला येतील, त्यांच्या बायकांच्या आंदणाची मेंढरं त्यांच्याच वाड्यात; हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी. अकरा खाली उतरली. बाकीची गेली. सुंदरा टेम्पोमागं वेशीपर्यंत गेली आणि परत आली.

मी तिला विचारलं, "येतीस साताऱ्याला?"

"तुजी मेंढरं कोन बगनार?" ती म्हणाली. जशी काही मीच तिला अडकवली.

मी एकटी परतले, या वेळी खिडकी सावलीची धरून. महिन्यानं मायाप्पाचा फोन आला. परवानगी आली, एका बाजूच्या काचांखाली, फक्त मेंढ्यांना. अकरा मेंढरांनी किती गवत खायचं? साहेब विचारतोय आणखी मिळतील का. मिळाली असती, म्हणावं, टेम्पोतनं गेली. गेटवर नवीन पाटी लागलीय, त्यावर सुंदराच्या मेंढ्यांचा फोटो आणि खाली साहेबाचं नाव. म्हणे ही युक्ती कंपनीची.

काल सुंदराच बोलली. तीन कोकरं झालीत. एक खाचेवालीचं नाही, गावातल्या कुणीतरी सुंदराला दिलेल्या मेंढीचं. "आक्का, तिसऱ्याला खाच पाडू का नको?"

मी म्हटलं, "पाड. तुजा भरवसा न्हाई, उद्या परत येपारी बोलावशील."