डब्यातून उडालेली आंबील

परवा आंबिलीचं झाकण काढलं आणि त्या आंबूस, जिऱ्या-लसणाच्या वासासरशी मी थेट लातूरच्या बसस्टँडवर पोचले. क्लाससाठी तिथं राहायचे तेव्हा आई रोज निलंग्याहून दुपारच्या एसटीनं डबा पाठवायची, आणि ऊन तापलं की त्यात ज्वारीची आंबील असायची. बस दिसली की डबा येणाऱ्या आम्ही आठ-दहा जणी धावत सुटायचो. त्या दिवशी तर मला दमच धरवेना. कंडक्टरमामांनी डबा हातात दिला आणि मी तिथंच झाकण फिरवलं. उन्हानं फुगलेली आंबील फसकन उडाली ती थेट त्यांच्या खाकी शर्टावर आणि मिशीवर. मामा चिडले तर उद्यापासून कुणाचाच डबा येणार नव्हता. त्यांनी शर्टाकडं पाहिलं, मिशीवरचा थेंब जिभेनं टिपला आणि म्हणाले, "चव लई भारी हाय, पण मीठ कमी पडलंय. मायला सांग." मी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनं दोन डबे पाठवले, त्यातला एक मामांनी वाटेतच रिकामा केला होता. आता आंबील मीच करते, आणि मीठ अजून त्या मामांच्या चवीनंच घालते.