सहाशे बारा नंबरचं डोकं

आमच्या मेंदू संशोधन विभागात सगळे ज्यांना आत्या म्हणतात, त्या कुणाच्याच आत्या नाहीत. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत त्यांची नोकरी सुरू झाली, मग तीस वर्षं स्कॅनर चालवला आणि निवृत्त झाल्यावर "घरी बसून नवऱ्याच्या चुका किती काढणार?" म्हणत स्कॅनच्या नोंदी सांभाळायला परत आल्या. कंप्युटरचं शिक्षण शून्य. तरी आम्ही शिकली-सवरलेली मंडळी अडलो की त्यांच्याच टेबलाकडे वळतो. मला ते फार खटकायचं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला प्रबंध सादर करायचा होता. मुदत दोनदा वाढवून घेतली होती; आता चुकलं असतं तर नोंदणीच रद्द. काम एकच राहिलं होतं, नऊशे माणसांच्या मेंदूच्या स्कॅनची सरासरी. आणि कंप्युटर दर वेळी तोच लाल संदेश दाखवून आडवा होत होता : मेमरी संपली. मी त्याला शिव्या दिल्या, बंद करून पुन्हा चालू केला, त्याच कंप्युटरवर चालणारे शेजारच्यांचे प्रोग्रॅम बंद करायला लावले. ढिम्म.

अकराच्या सुमारास आत्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"सगळ्या मिळून केवढ्या आहेत गं फाइली?"

"मेमरीच्या निम्म्यासुद्धा नाहीत. बेरीज केलीय मी."

"मिटलेल्यांची की उघडलेल्यांची?"

स्कॅन साठवताना आवळून ठेवतात, हे मला काय माहीत नव्हतं? रजई गुंडाळून पिशवीत कोंबावी तसं. उघडली की पलंगभर. मी शहाणी पिशव्या मोजत बसले होते.

"आणि सरासरीच काढायचीय ना? मग नऊशे जण एकदम खोलीत कशाला? एकेकाला बोलव, बेरजेत मिळव, जाऊ दे. तीस वर्षं मी तेच केलं."

मला स्वतःचा राग आला, आणि थोडा आत्यांचाही. निमूटपणे प्रोग्रॅम बदलला, एका वेळी एका स्कॅनपुरतीच मेमरी ठेवून बाकीची शेजारच्यांना परत दिली. गाडी सुरळीत चालली. दोन वाजता, सहाशे बाराव्या फाइलीवर, पुन्हा तोच लाल संदेश.

"एकच नडतोय," मी म्हणाले. "टाकते काढून. नऊशेत एक कमी, कुणाला कळणार आहे?"

आत्यांनी आपली नोंदवही उघडली, पान उलटलं आणि खो खो हसायला लागल्या.

"मला कळेल की! सहाशे बारा म्हणजे मीच."

साठीच्या पुढची निरोगी माणसं मिळेनात, म्हणून त्या स्वतःच स्कॅनरमध्ये जाऊन झोपल्या होत्या. त्याच दिवशी दुप्पट बारीक टिपणारी नवी सेटिंग करून बघायची होती. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडे दुप्पट, फाइल आठपट.

"नाकाला खाज सुटली होती, तरी चाळीस मिनिटं हलले नाही. आणि तू मला एका बोटाने उडवतेस?"

मला खरंच शरम वाटली. तीन वर्षं मी हे नंबर हाताळत होते; त्यातल्या कुणाच्या नाकाला खाज सुटली असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

"सॉरी आत्या. पण वेळ नाहीये हो."

"मग बोलू नको, कर. थोडं थोडं उघड आणि इतरांच्या मापाचं करून घे. माझी काही हरकत नाही."

तुकड्या-तुकड्याने आत्यांना इतरांच्या मापात बसवायला अर्धा तास लागला. चारच्या आसपास पडद्यावर नऊशे मेंदूंचं मिळून एक धूसर चित्र आलं. आत्यांनी चष्मा लावून ते निरखलं.

"यात मी कुठे?"

"सगळीकडे. प्रत्येक ठिपक्यात, नऊशेवा हिस्सा."

"एवढुशीच?"

"एवढ्याशापायी माझा प्रबंध अडला होता."

यावर त्या अशा खूश झाल्या की उठून सगळ्या विभागाला ऐकवलं, "माझं डोकं यांच्या कंप्युटरात मावेना!"

तो गलका चालू असतानाच मी चित्र प्रबंधात बसवायला घेतलं आणि सगळं जुळल्यावर सादर करायच्या अर्जातला शेवटचा रकाना भरला. वगळलेले स्कॅन : शून्य. पाचला सात मिनिटं कमी होती.