बिननावाचे घोडेस्वार

बुवापाड्यातला माझा स्कूटर मेकॅनिक दुपारी डबा खाताना मोबाइलवर काउबॉयचे जुने इंग्रजी सिनेमे बघतो. हिरोने दिलेला शब्द पाळला की मान डोलावतो. बाईसमोर टोपी काढली की "याला म्हणतात संस्कार," म्हणतो. पण टेकडीवरून तिथले आदिवासी घोड्यांवर आले की त्याचा घास हातातच राहतो. गोळी लागून एकेक जण पडतो, तसा तो हळूच म्हणतो, "हा गौतम. हा भीमा. हा आपला किसन."

"हे काय?" मी एकदा विचारलं.

"पिक्चरवाल्यांनी एकालापण नाव नाही दिलं, दादा. माणूस असा बिननावाचा मरू नये."

परवा शेवटचा घोडेस्वार पडला, तेव्हा त्याने स्वतःच्या वडिलांचं नाव घेतलं आणि अर्धा डबा झाकून ठेवला.