सासऱ्यांचं माल्ट

आई गेल्यानंतर बाबा साताऱ्याच्या घरात एकटेच राहत होते. फोनवर विचारलं की "मला काय धाड भरलीय" एवढंच म्हणायचे. शेवटी मी न विचारता तिकीट काढलं आणि उन्हाळ्यात त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं. आमचं घर न्युरेम्बर्गच्या बाहेर, जिथून पुढे शेतंच लागतात अशा एका गावात आहे. नवरा इथलाच, या मातीतला. आम्ही दोघंही इंजिनियर, सकाळी कामावर निघून जातो. दिवसभर घरी बाबा एकटे.

बाबा यायच्या आधी नवऱ्यानं एक गोष्ट स्वतःहून केली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातले बिअरचे क्रेट त्यानं खाली केलरमध्ये नेऊन ठेवले. केलर म्हणजे इथल्या बहुतेक घरांखाली असतं ते तळघर. वॉशिंग मशीन, सायकली, जुनं सामान, सगळं तिथेच. माझे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दारूपायी गेले. तेव्हापासून बाबा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा अल्कोहोल किती आहे ते वाचून बघतात. हे मी लग्नाआधीच नवऱ्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते लक्षात ठेवलं होतं.

बाबांनी पहिल्या आठवड्यात सगळं घर समजून घेतलं. कपडे धुण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं, त्यामुळे त्यांचं केलरमध्ये जाणं-येणं सुरू झालं. एक दिवस मी संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात वेलचीचा वास सुटलेला, गॅसवर काहीतरी रटरटत होतं, आणि टेबलावर कागदाचं एक मोठं पोतं तोंड उघडून उभं होतं.

"अगं, जावईबापूंनी खाली सातू ठेवलेत ते सांगितलं नाहीस तू," बाबा म्हणाले. "मोड आणून वाळवलेले आहेत, बघ. नाचणीचं सत्त्व करतो ना आपण, तसंच. दाताखाली धरून बघितला एक दाणा. कुरकुरीत आणि गोड. मिक्सरमधून काढले, वस्त्रगाळ केले, दूध-गूळ घालून शिजवतोय. त्यांनाही आवडेल."

मी पोतं ओळखलं. सातू होते ते खरं. मोड आणून वाळवलेले हेही खरं. पण सत्त्वासाठी नव्हते, बिअरसाठी होते. आणि ते माझ्या सासऱ्यांचे होते.

सासरे आणि नवरा दर शरद ऋतूत घरी बिअर करायचे. माझ्या लग्नानंतरही बरीच वर्षं ते चाललं होतं. शेवटच्या वर्षी सामान आणून ठेवलं, आणि मोठं भांडं धुवायला काढायच्या आतच सासरे हृदयविकारानं गेले. सामान तसंच फळीवर राहिलं. माल्टचं, म्हणजे या मोड आलेल्या सातूंचं पोतं, हॉप्सची पाकिटं, आंबवण्यासाठी यीस्टच्या पुड्या. सगळ्यांच्या तारखा कधीच उलटून गेल्या होत्या. एकदा केलर आवरताना मी विचारलं होतं, "हे टाकूया का?" नवरा म्हणाला होता, "बघू." त्यानंतर मी विचारलं नाही.

मी बाबांना काही सांगणार, तेवढ्यात दार वाजलं आणि नवरा आत आला. त्यानं पोतं बघितलं, मिक्सर बघितला, टेबलावर सांडलेले दाणे बघितले. "हे कोणी वर आणलं?" एवढंच त्यानं जर्मनमध्ये मला विचारलं. मी बाबांकडे बघितलं. तो सायकल काढून पुन्हा बाहेर निघून गेला.

"काय झालं?" बाबांनी गॅस बंद केला.

मग मी सगळं सांगितलं. बाबा खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी टेबलावरचे दाणे एकेक करून वेचले आणि पोत्यात परत टाकले.

"त्यांच्या वडिलांचं होतं," ते म्हणाले. "आणि मी गूळ घातला त्यात."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या घरात डबे उघडायचे नसतात हे मी पोरांना शिकवायचो." थोड्या वेळानं जरा चाचरत म्हणाले, "आणि दारूचं सामान होय हे?"

"बिअरचं."

बाबा उठले. शिजवलेलं सत्त्व त्यांनी झाकून ठेवलं. टाकलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नाश्त्याच्या वेळी बाबांनी नवऱ्याची माफी मागितली. दोघांचं बोलणं इंग्रजीतून चालतं. बाबांचं शाळामास्तरी, त्याचं ऑफिसातलं. बाबा उभे राहून म्हणाले की, मी परवानगी न घेता तुमच्या वडिलांची वस्तू उघडली, मला क्षमा करा. नवरा एकदम गोंधळला. त्यानं बाबांना हाताला धरून खाली बसवलं.

"तुमच्यावर नाही रागावलो मी," तो म्हणाला. "मला इतकी वर्षं ठरवताच आलं नाही. टाकवत नाही. आणि वापरायचं तर तारीख उलटलीय."

"तारखेचा नेमका शब्द काय लिहिलाय?" बाबांनी विचारलं.

नवऱ्यानं पोतं वळवून दाखवलं. मिंडेस्टहाल्टबारकाइट्सडाटुम. बाबांनी चष्मा वर करून त्या शब्दाची लांबी बघितली. "ह्याचा अर्थ?"

"किमान या तारखेपर्यंत चांगलं राहील, असा."

"किमान!" बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे त्यानंतर खराबच होईल असं कुठे म्हटलंय? तपासून बघायला हवं." बाबांनी आयुष्यभर हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. 'तपासून बघायला हवं' म्हणताना त्यांचा आवाज बदलतो, तो मी लहानपणापासून ओळखते.

नवऱ्यानं विचारलं, "सत्त्व उरलंय का?" मी ते गरम केलं. त्यानं वाटीभर खाल्लं आणि आणखी मागितलं.

मग आम्ही तिघं खाली केलरमध्ये गेलो आणि फळीवरची एकेक वस्तू उजेडात आणली. वर आणलेलं अख्ख्या दाण्यांचं पोतं कोरडं होतं, कीड नाही, कुबट वास नाही. दुसरं एक लहान पाकीट आधीच भरडलेल्या माल्टचं होतं. त्यात जाळी धरली होती आणि खवट वास येत होता. ते सरळ कचऱ्यात गेलं. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वाळलेली फुलं. त्यांचं एक पाकीट कधीतरी फोडून क्लिप लावून ठेवलेलं होतं. बाबांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. "मोजे!" ते मराठीत म्हणाले. नवऱ्याला भाषांतर लागलं नाही. हवा काढून सील केलेलं दुसरं पाकीट मात्र फोडल्यावर आतून हिरवं निघालं, गवतासारख्या आणि संत्र्याच्या सालीसारख्या वासाचं.

राहिलं यीस्ट. नवरा म्हणाला, हे मेलेलं असणार. बाबा म्हणाले, जीव आहे तो, झोपलेला असेल. त्यांनी कोमट पाण्यात साखर विरघळवली, पुडी ओतली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. फेस आला पाहिजे होता. राखाडी गाळ तळाशी बसला, तो तसाच. बाबांनी पाणी थोडं गरम केलं, दुसरी पुडी फोडली, आणखी वाट बघितली. काहीच नाही.

"गेलं," शेवटी ते म्हणाले. ग्लास विसळताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"यीस्ट नवीन आणता येईल," नवरा म्हणाला. मग जरा थांबून, माझ्याकडे बघून जर्मनमध्ये, "करू का? पण तुझ्या बाबांसमोर..."

मी बाबांना विचारलं. ते संध्याकाळी बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाले, "त्यांना करू दे. मी मदत करीन. पिण्याचा आग्रह मात्र नको."

पुढच्या शनिवारी सासऱ्यांची हातानं फिरवायची गिरणी फळीवरून खाली आली. बाबांनी दांडा फिरवला, नवऱ्यानं दाणे ओतले. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात घालून ठरावीक तापमानाला ठेवायचं असतं, म्हणजे दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. ती झाली की नाही हे कसं कळतं, असं बाबांनी विचारलं. नवऱ्यानं कपाटातून आयोडीनची बाटली काढली. बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून तो निळा-काळा रंग त्यांनी किती मुलांना दाखवला असेल.

पांढऱ्या बशीत एक थेंब घेतला, त्यावर आयोडीन. काळानिळा. म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. थोड्या वेळानं पुन्हा, तरी निळाच. नवरा म्हणाला, एव्हाना व्हायला हवं होतं, माल्ट जुनं आहे, त्याची ताकद कमी झालीय. सोडून द्यायचं का सगळं? बाबा म्हणाले, थांबा. ढवळत राहिले. दुपार कलली तेव्हा बशीतला थेंब आयोडीनच्याच पिवळट रंगाचा राहिला. बाबांनी बशी नवऱ्यापुढे धरली. "निळं नाही. स्टार्च संपला."

"गेनाऊ," नवरा म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. बाबांनीही "गेनाऊ" म्हटलं. तो शब्द ते तेव्हापासून सगळीकडे वापरायला लागले.

मग गाळलेलं पाणी हॉप्स घालून तासभर उकळायचं होतं. हॉप्स जुने, म्हणून थोडे जास्त घातले. घरभर शिजलेल्या धान्याचा आणि कडू पाल्याचा वास भरला. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. दार उघडंच होतं. बाबा नवऱ्याला काकांबद्दल सांगत होते.

मला काका आठवतात ते शेवटचे, सुजलेल्या पायांचे. बाबा सांगत होते ते मी कधीच ऐकलं नव्हतं. त्यांच्या बी.एस्सी.च्या परीक्षेच्या दिवशी एस.टी. बंद पडली तेव्हा धाकट्या भावानं त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन सगळा घाट चढवला होता. पोहोचल्यावर त्यानं बाहेर झाडाखाली बसून पेपर सुटेपर्यंत वाट बघितली आणि परत डबलसीटच आणलं. "तो चांगला होता," बाबा इंग्रजीत म्हणाले. "आमच्या घरात आता त्याच्या दारूबद्दलच बोलतात. मीही तेच बोलतो."

नवरा भांडं ढवळत राहिला. नंतर म्हणाला, "माझे वडील उकळी येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. उकळी आली की बोलायला लागायचे. मला त्यांच्याबद्दल जे काही माहीत आहे, ते याच भांड्यापाशी बसून कळलेलं आहे."

मी आत गेले नाही. इस्त्रीचे कपडे संपले होते, तरी तिथेच उभी राहिले.

भांडं थंड झालं, नवीन यीस्ट पडलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी मला हाक मारून बोलावलं. झाकणावरच्या काचेच्या नळीतून बुडबुडे येत होते. पुढे बाटल्या भरल्या आणि काही आठवडे त्या केलरमध्ये ठेवल्या.

बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी दुपारी सासूबाईंना बोलावलं. त्या पुढच्याच गावात एकट्या राहतात. कशाची बिअर आहे ते नवऱ्यानं त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं. बागेत टेबल मांडलं. बाटली उघडली तर फेस आला आणि लगेच बसला. नवऱ्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते जरा." मी चाखली. वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. कडवट, पातळ, शेवटी किंचित गोड.

बाबांना कोणी आग्रह केला नाही. त्यांनी ग्लास उजेडात धरून बुडबुडे बघितले आणि परत ठेवला.

सासूबाई मात्र अर्धा ग्लास प्यायल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांची पहिली बिअर याहून कितीतरी वाईट होती. आम्ही ती सगळी गोगलगायींना घातली." इथे भाजीच्या वाफ्यात गोगलगायींना पकडायला वाटीत बिअर ठेवतात, हे मी बाबांना समजावून सांगितलं. "आणि गोगलगायी तरी आल्या का?" बाबांनी विचारलं. मी ते सासूबाईंना सांगितलं, तशा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी सासऱ्यांच्या फसलेल्या बिअरच्या आणखी गोष्टी सांगितल्या, आणि त्यातल्या कितीतरी नवऱ्यालाही माहीत नव्हत्या.

संध्याकाळी नवऱ्यानं उरलेलं माल्ट आपल्या हातानं बिओटोनमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, ओतलं. पोत्याचा कागद बाबांनी घडी करून त्याच्या हातात दिला. तोही त्यानं जुन्या कागदांत टाकला.

आता दर शरद ऋतूत तो ताजं सामान आणून बिअर करतो. ती चांगली होते. उकळी आली की साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावतो, फोन मसाल्यांच्या डब्यांना टेकवून ठेवतो, आणि ते दोघं त्यांच्या इंग्रजीत तासभर बोलत बसतात.