अक्कांची संध्याकाळची हाक

फिनाइलच्या उग्र दर्पावर आधी ओल्या मातीचा वास चढायचा आणि त्यामागून यायची अक्कांची हाक. सूर्य केळीच्या बागांआड कलला की अक्का निंबाच्या पारावर पाणी शिंपडत आणि दिवसपाळी संपवून निघालेल्या आम्हा सेविकांना एकेकीला नावानं पुकारत. एरंडोलच्या वाटेवरचा तो आश्रम स्मृती हरवलेल्या वृद्धांचा; अक्का तिथल्या प्रमुख. त्यांच्या हाकेला ‘ओ’ दिल्यावाचून फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

कारण दिवसभर आम्हांला आमचं नाव नसे. “आज मी एका आबांची आई झाले, नि एका आजीची सवत!” चपला शोधता शोधता रेखा एकदा म्हणाली.

“सवतना येगळा पगार भेटाव नही,” अक्का म्हणाल्या. मग हसू ओसरल्यावर सावकाश, “बठ्ठं आठेच ठेवा, बायांनो. घर फक्त आपलं नाव लई जा.” दिवसभराची सगळी उसनी नाती तिथंच सोडून जायची, हा त्यांचा आग्रह.

कुणाच्या दंडावर ओरखडा दिसला, कुणी एखाद्या वृद्धानं भिरकावलेल्या ताटाचा मार खाल्लेला असला, तर अक्का तिला पारावर बसवून केसांना तेल लावत. चौकशी करत नसत. बोटांचा दाब मात्र असा, की डोळे आपोआप मिटत. “राग येऊ दे. राग काही पाप नही,” एवढंच म्हणत.

एका संध्याकाळी त्यांची हाक मला ऐकूच आली नाही. दिवसभर एक आजी मला ‘माई’ म्हणून बिलगली होती, आणि मी माईच होऊन उभी होते. अक्कांनी खांदा धरून हलवलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती दिसली, ती मी आधी कुणाच्याच डोळ्यांत पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात डाळ निवडायला बसवलं. मला ‘माई’ म्हणणारी ती आजी अक्कांनी स्वतःकडे घेतली.

आमची प्रत्येक विश्रांती अशीच अक्कांच्या अंगावर जाऊन पडत होती. आम्ही घरी जात होतो. त्या आश्रमातल्याच खोलीत राहत. त्यांना हाक मारायला कुणी नव्हतं. त्यांचं नावसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हतं.

त्यांच्याकडे आलेल्या वृद्धांत एक नाना होते. ते अक्कांना आपली वारलेली बायको समजत. “शांते, चहा आन व!” म्हटलं की अक्कांची ‘ओ’ ठरलेली. पुढे पुढे नानांनी हाक मारली नसतानाही ती ‘ओ’ अंगणात उमटू लागली. नानांचा बिनसाखरेचा चहा आमच्याही हातांत येऊ लागला. आम्ही हसलो. चैत्रात नाना गेले, खाट धुऊन उन्हात ठेवली, तरी अक्का त्या तापल्या लोखंडाकडे वळून म्हणाल्या, “ओ, आनस.” त्या दिवशी कुणी हसलं नाही. निंबाचा मोहोर पारावर गळत होता आणि त्याचा गोड कडवट वास छातीत रुतत होता.

मात्र आमची नावं पुकारताना त्या कधीच चुकल्या नाहीत.

अखेर दोंडाईच्याहून त्यांचे भाऊ न्यायला आले. डॉक्टरांनी वर्षांवर्षांचा थकवा सांगितला, पुढचं काही सांगितलं नाही. फाटकातून भाऊंनी साद घातली, “कौतिक!” ते नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. अक्कांनी मान वळवली नाही. भाऊंनी हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं.

परवा मी दोंडाईच्याला त्यांना भेटायला गेले. ओसरीवर बसून त्या कोरड्या फरशीवर बोटांनी पाणी शिंपडल्यासारखं करत होत्या. मी पायांशी बसले, केसांना तेल लावलं आणि त्यांच्याच सुरात हाक दिली, “कौतिक!” पापणीही हलली नाही. पुन्हा पुकारलं. नुसता पंख्याचा घरघराट.

ऊन उतरलं. मी निरोप घेऊन चपला घालू लागले. माझं नाव वैजयंती; पण अक्कांच्या संध्याकाळच्या हाकेपुरतं ते नेहमी आखूड होई. पायरीवर होते, तेवढ्यात पाठीमागून तोच जुना, खणखणीत आवाज आला:

“वैजे!”