सिंगापूर फिरून आले, आणि घरी सांत्वनाला माणसं

आधीच सांगून टाकते, आम्ही सिंगापूरला नुसते फिरायला गेलो नव्हतो. स्थळ बघायला जातात तसे शहर बघायला गेलो होतो. माझ्या नवऱ्याला, नितीनला, कंपनीने विचारलं होतं, तिकडच्या ऑफिसात येता का? टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये आमची बरीच वर्षं गेली. लेक ईरा आता पुण्याला हॉस्टेलवर. धाकटी बहीण मंजू सिंगापुरात, आणि "ताई, ये ना गं इकडे" हे तिचं कायमचं पालुपद. तेव्हा आठवडाभर राहून यायचं आणि परतल्यावर हो की नाही ते कळवायचं, असं ठरलं. माझं 'हो' तर बॅग भरतानाच ठरलं होतं. नितीन मात्र "बघू" म्हणत होता. लग्नालाही तो आधी "बघू"च म्हणाला होता.

आमच्यासारखं जाणाऱ्यांनी भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा, आणि पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हाताशी ठेवावं, आफ्रिकेतून येणाऱ्याला विचारू शकतात. वाटेत एकदा विमान बदलावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी कडेची सीट घ्यावी.

मंजूचा फ्लॅट यिशुनला. तिथून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, कुठेही जाता येतं. नितीनचं होऊ घातलेलं ऑफिस पाया लेबारला आणि मंजूच्या नवऱ्याचं वन-नॉर्थला, दोन्हीकडे जायला बिशानला गाडी बदलायची. फलकावर दोन मिनिटं लिहिलं असेल तर गाडी दोन मिनिटांत येते. मला पहिल्या दिवशी भरूनच आलं. आमच्याकडे "दोन मिनिटांत पोचतो" म्हणणारा माणूस तेव्हा आंघोळीला निघालेला असतो.

खायचं ते हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या गाळ्यांवर. पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची, कोणी हात लावत नाही. गडबड झाली ती काउंटरवर. दार-एस-सलामला कोणाशीही कामाचं बोलायच्या आधी 'हबारी' विचारायची असते, म्हणजे ख्यालीखुशाली. सकाळ कशी आहे, घर कसं आहे, मुलं, काम, शेजारीपाजारी, सगळ्यांची चौकशी झाल्यावर मग कांदे. त्या सवयीने मी रोटी प्राटा, म्हणजे तिकडचा पराठा, करणाऱ्या काकांना म्हटलं, "गुड मॉर्निंग! हाऊ आर यू? फॅमिली ऑल वेल?"

काकांनी उलथनं हवेत धरलं. "आंटी, ईट व्हॉट?"

मागून भाचा विहान कळवळला, "मावशी, सो मेनी पीपल बिहाइंड! जस्ट ऑर्डर लाह!"

मग मीही शिकले. दोन बोटं वर, "टू प्राटा, टू कोपी," पुढे सरका. चौथ्या दिवशी तर मी मलाच आवडायला लागले. केवढा वेळ वाचत होता!

मंजूच्या समोरच्या दाराशी सुंदर कुंड्या होत्या. मी विचारलं, "कोण राहतं गं?"

"एक आजी आहेत. लिफ्टमध्ये छान हसतात."

"नाव काय?"

"अगं, ते विचारायचं राहूनच गेलं."

"तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली?"

"ताई, चहा गार होतोय तुझा."

दार-एस-सलामला परत आलो तर आधी पैसे भरायच्या मीटरमधली वीज संपलेली, नळाला पाणी नाही, आणि विमानतळावरून घरी यायला ट्रॅफिकमध्ये आख्खी दुपार गेली. "सिंगापुरात असं नसतं," हे वाक्य मी संध्याकाळपर्यंत इतकं वापरलं की नितीन म्हणाला, "तू तिकडेच राहायचंस, मी सामान पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झोप न झाल्याने डोळे सुजलेले. हाताला लागला तो पांढरा कुडता घातला आणि कोपऱ्यावर मामा आशाच्या भाजीच्या टपरीवर गेले. इथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ती आशाची आई म्हणून मामा आशा, तशी मी मामा ईरा. गेले आणि म्हटलं, "दोन वाटे टोमॅटो. एक वाटा कांदे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरी सगळं ठीक?"

"हो, हो. घाई आहे जरा." पिशवी घेतली आणि निघाले. कसला वेळ वाचला!

दुपारी बेल वाजली. दारात डोक्यावरून कांगा, म्हणजे इकडची छापील ओढणी, घेतलेली मामा आशा, तिच्यामागे शिवणवाली, कोळसेवाली आणि आमच्या गेटवरचा जुमा. चपला बाहेर काढल्या, आत येऊन सगळे जमिनीवर बसले. मामा आशाने माझे हात हातात घेतले. "पोले, मामा ईरा. पोले साना." पोले म्हणजे 'वाईट झालं गं'; दुखलंखुपलं, कोणी गेलं की म्हणतात. कोळसेवालीने डोळे पुसले. शिवणवाली उठून सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

मी नितीनकडे बघितलं. नितीन इतका गोंधळला की त्यानेही मला "पोले" म्हटलं.

हळूहळू उलगडा झाला. मामा ईरा बहिणीकडे गेली होती, सुजलेले डोळे आणि पांढरे कपडे घेऊन परतली, आणि हबारी न विचारता तिने टोमॅटो मागितले. घरात कोणी गेल्याशिवाय माणूस असं वागेल का? जुमाचा निष्कर्ष: बहीण गेली.

"अगं, ती धडधाकट आहे!" मी ओरडले. कोणाचा विश्वास बसेना. शेवटी मंजूला व्हिडिओ कॉल लावला. ती पोळ्या करत होती. ती दिसताच खोलीत एकच आनंद झाला, आणि मामा आशाने फोन घेऊन रीतसर हबारी सुरू केली. मी मध्ये दुभाषी. घर कसं आहे? छान. मुलगा? छान. काम? छान.

"आणि शेजारी?"

मंजूने लाटणं खाली ठेवलं. मग हसून म्हणाली, "ताई, तूच सांग काहीतरी."

मी समोर बसलेल्यांकडे बघितलं. या बायका चूल सोडून, टपरी बंद करून माझ्याकडे रडायला आल्या होत्या, आणि मी सकाळी यांच्यापासूनच वेळ वाचवत होते. मला रडूच आलं. त्या पुन्हा घाबरल्या. मग चहा झाला, मंजूने दिलेल्या अननसाच्या वड्या संपल्या, आणि जुमाने जाताना मला बजावलं की पुढच्या वेळी घाई असेल तर घाईची बातमी आधी द्यावी.

दुसऱ्या दिवशी मंजूचा मेसेज आला. 'आजींचं नाव विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं पुढच्या आठवड्यात, मला पत्ताच नव्हता. शिरा देऊन आले. तू येत नाहीयेस ना, ताई? काल तुला रडताना बघून कळलंच मला.'

तो मेसेज मी दोनदा वाचला. बहिणीचा लोभ सुटत नाही. सिंगापूरचं मनात काय राहिलं म्हणाल तर ते दोन मिनिटांच्या गाडीचं दोन मिनिटांत येणं, अजून आठवतं, अजून हवंसं वाटतं. पण राहायचं इथेच.

नितीन लॅपटॉप उघडून बसला होता. "काय कळवू मग?"

"नाही म्हणून कळव. पण आधी तिकडच्या साहेबांना घर, मुलं, शेजारी, सगळं नीट विचार. एकदम मुद्द्यावर आलास तर त्यांना वाटेल, आपल्याकडे कोणी गेलं."