टाइप-तीनचे भास्करराव

सिल्वासात सगळ्यांत जास्त घरं कुणी पाहिली असतील, तर ती भास्कर पाटणकरांनी. घेतलं मात्र एकही नाही.

अख्खी नोकरी त्यांनी सरकारी क्वार्टरमध्ये काढली. रत्नागिरीहून कारकून म्हणून आले तेव्हा टाइप-एक मिळालं, बढती झाली तसं टाइप-दोन, मग टाइप-तीन. पंखा बंद पडला की खात्याचा माणूस येई, आणि भिंतींना दर खेपेला तोच पिवळा रंग लागे. बरोबरीच्यांनी नरोली रोडला फ्लॅट घेतले तेव्हा भास्कररावांनी त्यांना वेड्यात काढलं. घर बढतीबरोबर चालत येतं, ते विकत काय घ्यायचं? अशी चूक क्वार्टरमधला माणूसच करू जाणे.

मग निवृत्ती आली. क्वार्टर सोडायची मुदत डोक्यावर आली आणि भास्कररावांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी चहा घेऊन जे निघायचे ते दुपारचं जेवण निवल्यावर परत, आणि उन्हं उतरली की पुन्हा बाहेर.

कुसुमताई, त्यांच्या पत्नी, सुरुवातीला सोबत जायच्या. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिला, तर भास्कररावांचं म्हणणं, लिफ्ट बंद पडली की तक्रार कुणाकडे करायची? रो-हाउस पाहिलं, तर शेजाऱ्याचा मिक्सर आपल्या भिंतीत वाजतो. सामरवरणीचं बैठं घर चांगलं होतं, पण मागे कारखाना. राखोलीच्या वाटेवरच्या कामगारांच्या चाळी तर त्यांनी रिक्षात बसल्या बसल्याच नापास केल्या. रांध्याला ओळखीच्या एकाचं कुडाचं घर पाहून मात्र हरखले. काय हा गारवा, म्हणाले. मग संडास कुठे आहे ते विचारलं आणि चप्पल घातली.

दलाल कल्पेश शेवटी टेकीला आला. "काका, आता एक कलेक्टरसाहेबांचा बंगलाच बाकी राहिला. बोलो तो विचारून बघतो."

खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. दुसरं घर ठरलं की या घरातून आपण उठलो हे पक्कं होणार होतं, आणि टाइप-तीनशिवायचे भास्करराव कोण, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कुसुमताईंची धास्ती वेगळी. खात्याची माणसं कुलूप लावायला आली, सामान ओट्यावर निघालं, तर ज्या बायकांबरोबर इतकी वर्षं हळदीकुंकू केलं त्यांच्यापुढे तोंड कसं दाखवायचं? त्यांना घास गोड लागेना. त्या नवऱ्याला विचारायच्या, "अहो, ठरलं का काही?" आणि भास्करराव म्हणायचे, "बघतोय ना."

कॉलनीत एक रीत होती. क्वार्टर ज्याला मिळणार तो आधी एकदा येऊन बघून जायचा, आणि राहणाऱ्याने त्याला चहा देऊन घराच्या खोडी सांगायच्या. एका रविवारी वैशाली आली, मराठी शाळेतली तरुण शिक्षिका. बेल वाजताच भास्करराव आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

कुसुमताईंनी तिला सगळं दाखवलं. "मोरीचं दार पावसात फुगतं, जरा उचलून लावायचं. इथे दुपारी छान उजेड येतो, निवडण-टिपण करायला बरं." वैशाली भिंतीला हात लावत हळूहळू फिरत होती.

"आम्ही आमलीला चाळीत आहोत, पत्र्याखाली," ती म्हणाली. "सासूबाईंना दमा आहे. उन्हाळा कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. तुम्ही कुठे घेतलंत, काकू?"

कुसुमताईंनी कप उगाच पुसला.

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "तुमची ती खोली रिकामी होईल ना? मालकाला सांगून ती मला मिळवून द्याल?"

वैशालीला वाटलं, थट्टा चाललीय. "तिथे? आणि काका?"

"त्यांचं ते बघतील. त्यांना घरं बघायची सवय आहे."

आतलं दार उघडलं. भास्करराव तावातावाने बाहेर आले. "पत्र्याखाली राहणार तू?"

"राहीन. माझ्या पायांनी जाईन. ओट्यावर सामान टाकून घेणार नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

इतक्या वर्षांत ही बाई त्यांना सोडून कुठे जायचं म्हणाली नव्हती. भास्कररावांचा सगळा ताव उतरला. त्यांना बायकोकडे बघवेना, म्हणून ते वैशालीकडे वळले.

"त्या खोलीत दोन माणसं मावतात का हो?"

"आम्ही चौघं राहतो, काका."

भास्करराव खुर्चीत बसले. मग ते म्हणाले, "उद्याच टेम्पो सांगतो."